धुरावलेला टर्की : एका घरगुती पाककृतीमागील शास्त्र

अन्न टिकविण्याच्या ज्या युक्त्या मानवाने लेखनविद्येच्याही पूर्वी हस्तगत केल्या, त्यांत वाळविणे, खारविणे आणि धुरावणे या तीन प्रमुख होत. चुलीवर टांगलेले मांस लवकर नासत नाही, ही गोष्ट जगाच्या निरनिराळ्या भागांतील लोकांच्या स्वतंत्रपणे ध्यानात आली असावी. नागा लोकांच्या घरांतून चुलीवरच्या माचीवर डुकराचे मांस दिवसेंदिवस धुरात ठेवण्याची रीत आजही आढळते. लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावर ट्यूना मासा उकडून, धुरावून आणि उन्हात वाळवून ‘मास्मीन’ तयार करतात. तो लाकडासारखा टणक होतो आणि दीर्घकाळ टिकतो. या सर्व पद्धतींचा मूळ हेतू एकच होता : आज हाती आलेले अन्न उद्यासाठी, किंबहुना पुढच्या ऋतूसाठी राखून ठेवणे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही प्राचीन युक्ती विसाव्या शतकात एका निराळ्या रूपाने घरोघरी पोचली. तेथे पाचसहा किलोग्रॅम वजनाचा अख्खा टर्की पक्षी परसात मांडलेल्या झाकणबंद भट्टीत चार ते आठ तास धुरात शिजवितात. हेतू आता टिकविण्याचा राहिलेला नाही. तो स्वादाचा आहे. परंतु हेतू बदलला तरी जुनी समजूत सहजासहजी जात नाही. ‘धूर दिलेले मांस टिकते’ हा विश्वास मनात ठेवून जो हा पक्षी धुरावतो, तो आपल्या पंगतीतील माणसांना धोक्यात टाकतो. म्हणून या पाककृतीत प्रत्यक्ष काय घडते, धूर काय करतो आणि काय करीत नाही, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

पक्षी आणि त्याची नावे

टर्की हा मूळचा अमेरिका खंडाचा पक्षी होय. मेक्सिकोतील लोकांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्याला माणसाळविले. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकाच्या प्रारंभी तो युरोपात नेला आणि तेथे त्याच्या जन्मभूमीविषयी मोठा घोटाळा झाला. तुर्की व्यापाऱ्यांमार्फत येणाऱ्या आफ्रिकेतील गिनी कोंबडीशी गल्लत होऊन इंग्रजांनी त्यास ‘टर्की’ म्हटले. फ्रेंचांनी त्याला ‘हिंदुस्थानचा पक्षी’ अशा अर्थाचे नाव दिले; तुर्की भाषेत तर तो ‘हिंदी’च झाला. डच भाषेतील ‘काल्कून’ या त्याच्या नावात आपले कालिकत दडलेले आहे. पोर्तुगीजांनी त्याला ‘पेरू’ म्हटले आणि तोच शब्द हिंदीत रूढ झाला. मराठीत मात्र पेरू म्हटले की फळच डोळ्यांसमोर येते.

ज्या देशाचे नाव या पक्ष्याला चुकून चिकटले, त्या देशात तो खरोखरीच आला तो गोव्याच्या वाटेने. १६१२ मध्ये जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रबखान याने गोव्याहून काही अपूर्व प्राणी दरबारी आणले, त्यांत हा पक्षी होता. बादशहाने आपल्या आत्मवृत्तात त्याचे वर्णन लिहून ठेवले आणि चित्रकारांकरवी त्याचे चित्रही काढविले. उस्ताद मन्सूरने रंगविलेला हा टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

अमेरिकेत या पक्ष्याचे महत्त्व ‘थँक्सगिव्हिंग’ या आभारदिनाच्या सणाशी निगडित आहे. १८६३ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी हा दिवस राष्ट्रभर पाळण्याची घोषणा केली. १९४१ च्या कायद्याने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार त्यासाठी कायम झाला. त्या दिवशी सारे कुटुंब एकत्र जमते आणि मेजाच्या मध्यभागी अख्खा पक्षी मांडला जातो. वर्षातून एकदा, फार मोठ्या पक्ष्यावर आणि पुष्कळ माणसांसाठी करावयाचा हा प्रयोग असल्यामुळे चूक झाली तर तिची झळही अनेकांना लागते.

परसातील भट्टी

घरगुती धुरावणीला दोन गोष्टींनी चालना दिली. १९२० नंतरच्या दशकात हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात मोटारींसाठी लागणाऱ्या लाकडाच्या टाकाऊ तुकड्यांपासून कोळशाच्या वड्या तयार होऊ लागल्या. पुढे १९५२ मध्ये शिकागोजवळच्या धातुकामाच्या एका कारखान्यातील जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचा पोकळ गोल मधोमध कापून त्यापासून झाकणाची गोल शेगडी बनविली. झाकण आल्यामुळे उष्णता आणि धूर दोन्ही आत कोंडणे शक्य झाले, आणि वरखालच्या झरोक्यांनी हवेचे प्रमाण राखता येऊ लागले.

अशा शेगडीत पक्षी निखाऱ्यांच्या थेट वर ठेवीत नाहीत. कोळसे दोन्ही कडांना रचतात, मधे पाण्याचे उथळ भांडे ठेवतात आणि त्यावरील जाळीवर पक्षी ठेवतात. हे भांडे तीन कामे करते. पक्ष्यातून ठिबकणारी चरबी त्यात पडते, म्हणून ती निखाऱ्यावर जळत नाही. पाण्यामुळे आतील तापमान एकदम चढत-उतरत नाही. आणि वाफेमुळे मांसाचा पृष्ठभाग ओलसर राहतो. ओल्या पृष्ठभागावर धुरातील स्वादद्रव्ये अधिक सहजतेने विरघळतात. झाकण वारंवार उघडून पाहण्याचा मोह मात्र आवरावा लागतो, कारण प्रत्येक वेळी साठलेली उष्णता निघून जाते आणि शिजण्याचा काळ लांबतो.

येथे एक इशारा आवश्यक आहे. धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून पाऊस असो वा बर्फ, ही शेगडी घरात, ओसरीच्या बंद भागात किंवा मोटार ठेवण्याच्या खोलीत कधीही पेटवू नये. दार उघडे ठेवले म्हणून धोका टळत नाही.

धूर म्हणजे काय?

लाकूड हे मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन या तीन द्रव्यांचे बनलेले असते. पुरेशी हवा मिळाली तर लाकूड ज्वाळेने जळते आणि धूर थोडाच होतो. हवा कमी मिळाली तर ते धुमसते. तेव्हा ही द्रव्ये पूर्णपणे न जळता फुटतात आणि त्यांपासून शेकडो नवी संयुगे निर्माण होतात. सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज हे शर्करांचे बनलेले असल्यामुळे त्यांच्यापासून निघणारी कार्बोनिल संयुगे मांसातील प्रथिनांशी संयोग पावून त्याला सोनेरी ते गडद तपकिरी रंग देतात. लिग्निनपासून फिनॉल वर्गातील संयुगे मिळतात. ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल ही त्यांतील प्रमुख होत. ज्याला आपण ‘धुराचा वास’ म्हणतो तो बव्हंशी यांचाच. याखेरीज ॲसेटिक व फॉर्मिक ही आम्ले आणि फॉर्माल्डिहाइड अल्प प्रमाणात असतात. जंतूंची वाढ रोखण्याचे धुराचे सामर्थ्य फिनॉल, आम्ले आणि फॉर्माल्डिहाइड यांच्यामुळे येते.

म्हणूनच लाकडाची निवड महत्त्वाची ठरते. हिकरी, ओक, मेपल, सफरचंद, चेरी, पेकन यांसारखी कठीण लाकडे वापरतात. टर्कीचे मांस सौम्य चवीचे असल्यामुळे सफरचंद वा चेरी यांचा मृदू धूर त्याला मानवतो. हिकरीचा धूर तीव्र असतो, तो बेताने द्यावा लागतो. पाइनसारख्या राळयुक्त लाकडाचा धूर काजळीचा आणि कडवट असतो, तो सर्वथा टाळतात. रंग दिलेले किंवा रसायने लावलेले लाकूड तर विषारीच समजावे. लाकडाच्या ढलप्या पाण्यात भिजवून टाकण्याची प्रथा आहे. परंतु लाकडात पाणी फारसे मुरत नाही, आणि जे मुरते त्याची आधी वाफ होते. धूर तेवढा उशिरा निघतो, इतकाच तिचा परिणाम.

चांगला धूर विरळ आणि निळसर दिसतो. दाट पांढरा धूर पाहून नवशिक्याला समाधान वाटते. पण तो अपुऱ्या ज्वलनाचा द्योतक असून त्याने मांसावर कडवट थर बसतो. चरबी निखाऱ्यावर पडून जळली तर बेंझोपायरीनसारखी कर्कजनक संयुगेही वाढतात. पक्ष्याखाली पाण्याचे भांडे ठेवण्याचे हेही एक कारण होय.

धुरासंबंधी सर्वांत ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की त्याची द्रव्ये मांसात फार खोल शिरत नाहीत. तासन् तास धूर दिला तरी त्यांचा प्रभाव पृष्ठभागापासून काही मिलिमीटरपर्यंतच राहतो. पाच किलोग्रॅमच्या पक्ष्याच्या गाभ्याशी धुराचा संबंध जवळजवळ येतच नाही. तेथील जंतूंचा नाश करावयाचा तर तो केवळ उष्णतेनेच होऊ शकतो.

मिठाचे कार्य

धुरावण्यापूर्वी पक्षी मिठात मुरवितात. त्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत १ लिटर पाण्याला ५० ते ६० ग्रॅम मीठ या प्रमाणात मिठवणी करून तीत पक्षी बुडवून रात्रभर थंडाव्यात, म्हणजे ४ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवतात. दुसऱ्या रीतीत मीठ कोरडेच सर्वांगाला चोळून पक्षी शीतकपाटात एकदोन दिवस उघडा ठेवतात.

मीठ मांसात शिरले की स्नायुतंतूंमधील मायोसिन हे प्रथिन काही अंशी विरघळते. तंतू फुगतात आणि शिजताना आक्रसून पाणी बाहेर टाकण्याची त्यांची प्रवृत्ती कमी होते. भट्टीत पुष्कळ तास राहूनही मांस रसाळ राहते ते यामुळे. कोरड्या मिठाच्या रीतीत कातडीही सुकते, व पुढे ती अधिक चांगली भाजली जाते. बाजारात मिळणाऱ्या अनेक टर्की पक्ष्यांत मिठाचे पाणी आधीच टोचलेले असते. तसा उल्लेख वेष्टनावर असतो. असा पक्षी पुन्हा मुरविल्यास खारट होतो.

पक्षी गोठविलेला असेल तर तो मुरविण्यापूर्वी पूर्णपणे विरघळू द्यावा लागतो. शीतकपाटात साधारणतः दर दोन किलोग्रॅमला एक दिवस लागतो. म्हणजे सहा किलोग्रॅमच्या पक्ष्याला तीन दिवस. कट्ट्यावर उघडा ठेवून तो लवकर विरघळविण्याचा प्रयत्न करू नये, कारण आतला भाग बर्फ असतानाच बाहेरच्या भागावर जंतू वाढू लागतात. तसेच कच्चा पक्षी नळाखाली धुऊ नये. धुण्याने जंतू जात नाहीत. उलट शिंतोड्यांबरोबर ते भांड्यांवर आणि शेजारच्या भाजीपाल्यावर पसरतात.

एका पक्ष्यात दोन प्रकारचे मांस

अख्खा पक्षी शिजविण्यातील खरी अडचण अशी, की त्याच्या छातीचे आणि मांड्यांचे मांस एका जातीचे नाही. टर्की बहुतेक वेळ चालतो आणि क्वचितच उडतो. सतत राबणाऱ्या पायांच्या स्नायूंना प्राणवायू साठविण्यासाठी मायोग्लोबिन हे तांबडे प्रथिन लागते, आणि त्यांत कोलॅजेनच्या जोडतंतूंचे प्रमाणही अधिक असते. छातीचे स्नायू क्षणभराच्या जोरकस उड्डाणासाठी असल्यामुळे ते फिकट आणि कोवळे असतात. छातीचे मांस ७४ अंशांच्या फार पुढे गेले की कोरडे पडते. मांडीतील कोलॅजेनचे मऊ जिलेटिनमध्ये रूपांतर होण्यास मात्र ८० अंशांच्या आसपास काही काळ जावा लागतो.

या विरोधावर अनुभवी लोकांनी साधे उपाय शोधले आहेत. मांड्यांची बाजू निखाऱ्यांकडे वळवितात; छाती लवकर तापू लागल्यास तिच्यावर धातूची पातळ पत्री घालतात. काही जण पाठीचा कणा कापून काढतात आणि पक्षी पुस्तकासारखा उघडून सपाट करतात. त्यामुळे तो लवकर व सारखा शिजतो, पण मेजावर मांडावयाच्या अख्ख्या पक्ष्याची शोभा जाते.

कातडीचा प्रश्न निराळा आहे. मंद आचेवर तिच्यातील चरबी पुरती वितळत नाही आणि ती रबरासारखी चिवट राहते. म्हणून अखेरच्या अर्ध्या तासात आच वाढवितात, किंवा प्रारंभापासूनच भट्टीचे तापमान १३५ ते १५० अंश राखतात.

तापमानाची कसोटी

जंतूंची वाढ ४ ते ६० अंश सेल्सिअस या टापूत झपाट्याने होते. मंद आचेवर ठेवलेल्या मोठ्या पक्ष्याचा गाभा या टापूत किती वेळ रेंगाळतो, यावर सारी सुरक्षितता अवलंबून असते. यासाठीच भट्टीतील हवेचे तापमान सुमारे १०७ अंशांच्या खाली जाऊ देऊ नये, असे अमेरिकेचे कृषी खाते सांगते. पोटात सारण भरलेला पक्षी धुरावू नये, हा दंडकही त्यातूनच आला, कारण सारण सर्वांत शेवटी तापते. पक्षी सहा किलोग्रॅमहून फार मोठा नसावा, तो अर्धवट गोठलेला नसावा, या सूचनांमागेही हेच कारण आहे.

मांस सर्वत्र ७४ अंशांना पोचले की साल्मोनेला आणि कँपिलोबॅक्टर हे जंतू मरतात. तेवढ्याने सर्व दोष निवारला असे मात्र नव्हे. मांस कोमट स्थितीत फार वेळ राहिल्यास स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू विष तयार करतो. नंतर कितीही शिजविले तरी जंतू मरतो, विष राहते. म्हणजे शेवटचा आकडा जितका महत्त्वाचा, तितकाच तिथवर पोचण्याचा वेगही महत्त्वाचा.

हा आकडा डोळ्यांनी कळत नाही. येथे धूर आणखी एक फसवणूक करतो. जळत्या लाकडातून निघणारा नायट्रिक ऑक्साइड मांसातील मायोग्लोबिनशी जुळतो आणि कातडीखाली गुलाबी पट्टा तयार होतो. तो पूर्ण शिजलेल्या मांसातही तसाच राहतो. त्याला कच्चेपणाची खूण समजून पुष्कळ जण चांगला शिजलेला पक्षी पुन्हा भट्टीत ठेवून वाळवून टाकतात. याच्या उलट, बाहेरून सुरेख तपकिरी झालेला पक्षी गाभ्यात कच्चा असू शकतो. रंग, रस, घड्याळ यांतील कोणतीही खूण विश्वसनीय नाही. एक तापमापक भट्टीतील जाळीजवळ आणि दुसरा मांसात, अशी दोन साधने जवळ असावीत. मांसातील तापमापक मांडीच्या सर्वांत आतल्या भागात आणि छातीच्या सर्वांत जाड भागात खुपसून पाहावा. त्याचे टोक हाडाला टेकू देऊ नये.

पंगतीनंतर

भट्टीतून काढल्यावर पक्षी वीसतीस मिनिटे तसाच राहू देतात. तेवढ्या वेळात बाहेरची उष्णता आत सरकते, रस थोडा घट्ट होतो आणि कापताना वाहून जात नाही.

उरलेल्या मांसाची व्यवस्था मात्र त्वरित करावी लागते. दोन तासांच्या आत ते हाडांवरून सोडवून, उथळ भांड्यांत पसरून शीतकपाटात ठेवावे आणि तीनचार दिवसांत संपवावे. अख्खा पक्षी तसाच आत ठेवला तर त्याचा गाभा सावकाश थंड होतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जंतूचे बीजाणू शिजण्यातून वाचलेले असतात. त्यांना वाढण्यास हाच अवधी पुरतो.

धुरावलेले मांस टिकते या समजुतीचा उगम आता स्पष्ट होईल. मिनिकॉयचा मास्मीन टिकतो तो धूर, उकळी आणि ऊन यांनी त्यातील पाणी जवळजवळ नाहीसे केले म्हणून. युरोपातील जुन्या पद्धतीचे धुरावलेले मांस टिके ते आठवडेच्या आठवडे मिठात राहून मग कमी उष्णतेच्या धुरात सुके म्हणून. परसातील भट्टीत चारसहा तास राहिलेला टर्की यांपैकी काहीच झालेला नसतो. त्याचे यश तो रसाळ राहण्यात आहे, आणि जे रसाळ आहे ते नासणारच. पूर्वजांनी ज्या धुराकडून रक्षणाचे काम घेतले, त्याच्याकडून आज केवळ रंग आणि सुगंध घेतला जातो. रक्षणाचे काम आता अग्नी, शीतकपाट आणि तापमापक यांच्याकडे आले आहे, आणि ते धुरावर सोपविण्याची चूक कोणी करू नये.